नंबर दोनची दुर्बीण

सोलापूरहून सांगोल्याकडे जाणारा एक रस्ता रुंद करायचा ठरला. त्याच्या मोजणीचं काम ज्या खाजगी एजन्सीला मिळालं, तिच्याकडे शिवानंद कलशेट्टी नोकरीला होता. शिवानंद मूळचा वळसंगचा. एकोणिसाव्या वर्षी पायदळात भरती झाला, चोवीस वर्षं काढून नाईक म्हणून बाहेर पडला, आणि आता बायको नीलम्माबरोबर सोलापूरच्या जुळे सोलापूर या उपनगरात राहत होता. वय सत्तेचाळीस. केस पांढरे झाले होते, पण चष्मा लागला नव्हता.

मोजणीच्या पार्टीत दोघंच. दुसरी चंद्रिका येमूल, तिशीतली डिप्लोमा इंजिनियर. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली, घरच्यांशी फोनवर तेलुगूत भांडणारी आणि कामात कडक. नकाशे, याद्या, टॅब्लेट तिच्याकडे. तिपाईवरचं यंत्र शिवानंदकडे. यंत्राला दुर्बीण असते, दुर्बिणीत बारीक रेघांची फुली असते. समोर दूर गावातलं कोणीतरी काठीवर प्रिझमची काच धरून उभं राहायचं, ती काच फुलीत पकडायची, बटण दाबायचं, की अंतर येतं. शिवानंद हे काम आठवड्यात शिकला. फक्त त्याची एक खोड होती. काच फुलीत आली तरी तो लगेच बटण दाबायचा नाही. डोळा न मिटता तसाच बघत राहायचा.

"काका, दाबा की," चंद्रिका म्हणायची. "काच काय पळून जातीय का?"

"दाबतो मॅडम."

याच्यापुढे तो काही सांगायचा नाही.

एप्रिलचं ऊन होतं. दहा वाजले की डांबरावर पाणी दिसायला लागायचं. दुर्बिणीतून ते जास्तच खरं वाटायचं. बाभळी त्यात उलट्या उभ्या राहायच्या, म्हशी गुडघाभर बुडायच्या, एखादा मोटारसायकलवाला जमिनीपासून हातभर वरून संथ तरंगत यायचा आणि जवळ आला की एकदम साधा माणूस व्हायचा. चंद्रिका वैतागायची, या लाटांत रीडिंग नीट येत नाही म्हणायची. शिवानंदला मात्र हीच वेळ बरी वाटायची. काचेला डोळा लावला की कानातले आवाज कमी व्हायचे. आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत, कुठल्या सालात आहोत, हे त्याला काही क्षण आठवायचं नाही, आणि आठवावंसंही वाटायचं नाही.

फौजेत तो रणगाड्यावर मारायचं मिसाईल चालवायचा. हल्लीची बरीचशी मिसाईलं एकदा सोडली की आपली आपण जाऊन लागतात. त्याच्या वेळचं तारेवरचं होतं. नळीतून सुटलं की मिसाईलच्या पोटातल्या रिळावरून केसाएवढी तार उलगडत जायची, आणि तिचं दुसरं टोक मागे तिपाईवरच्या यंत्राला जोडलेलं असायचं. चालवणाऱ्यानं एकच करायचं, दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर धरून ठेवायची. मिसाईलच्या शेपटीला लाल उजेड असायचा. यंत्र तो उजेड बघायचं, फुलीपासून तो किती ढळलाय ते ओळखायचं आणि तारेतून हुकूम पाठवायचं. फुली जिकडे, मिसाईल तिकडे. दोन किलोमीटर जायला त्याला बारा-तेरा सेकंद लागायचे.

ऐकायला हे थोडे वाटतात. पण मिसाईल सुटताना धूर होतो, धूळ उडते, ती शत्रूला दिसते. तो तोफ वळवतो, मशीनगन लावतो. आणि चालवणाऱ्याला तेवढे बारा सेकंद मान खाली घालता येत नाही, कारण मान खाली गेली की मिसाईलही जमिनीत जातं. शिवानंदला शिकवणारे उस्ताद बर्फाच्या डोंगरांत हेच मिसाईल शत्रूच्या बंकरांवर चालवून आले होते. एका कानानं त्यांना ऐकू यायचं नाही. ते सांगायचे, तिकडून गोळी आली तर येऊ दे, लागली तर लागू दे, डोळा फुलीवर ठेव. शिवानंदनं दहा वर्षं सिम्युलेटरवर हेच केलं. पडद्यावर खोटा रणगाडा, खोटा लाल ठिपका, आणि खरा डोळा. त्याच्यासारखा स्थिर डोळा बटालियनमध्ये दुसऱ्या कोणाचा नाही, असं त्याचे अधिकारी पाहुण्यांना सांगायचे. खरं मिसाईल महाग, ते वर्षाला एखाद्याच्याच वाट्याला यायचं.

त्या दिवशी सकाळी जीपमध्ये चंद्रिकानं जमीनमालकांची यादी त्याच्या हातात दिली. सांगोल्याच्या अलीकडचं एक गाव होतं. सातवं नाव रावजी ज्ञानू बाबर.

"काय झालं काका?"

"काही नाही. हा डाळिंबवाला आहे का?"

"हो, बाग आहे. तीन मीटर पट्टा जातोय त्याचा. ओळखीचा आहे?"

"एकाच तुकडीत होतो," शिवानंद म्हणाला, आणि यादी तिला परत दिली.

नुसता एकाच तुकडीत नव्हता. तारेवरच्या मिसाईलला दोन माणसं लागतात. नंबर एक चालवतो. नंबर दोन मिसाईल भरतो, शेजारी पालथा पडून दुर्बिणीतून आजूबाजूचं बघतो, कारण नंबर एकला फुलीच्या बाहेरचं जग उरलेलंच नसतं. रावजी बाबर शिवानंदचा नंबर दोन होता. दोघं एकाच जिल्ह्याचे म्हणून एका ताटात जेवायचे, एकमेकांची पत्रं वाचायचे. मग तो दिवस आला आणि त्यानंतर अठरा वर्षं दोघं बोलले नव्हते.

राजस्थानातली फायरिंग रेंज. मे महिना. अठराशे मीटरवर एक जुना, गंजलेला रणगाडा निशाण म्हणून उभा केलेला. सकाळपासून लाल झेंडे लागले होते, रेंज रिकामी असल्याचा वायरलेस आला होता. शिवानंदच्या आयुष्यातलं ते पहिलं खरं मिसाईल होतं. मागे तंबूत मोठे अधिकारी बसले होते.

त्यानं ट्रिगर दाबला. धक्का बसला, धूर आला, धूर गेला, आणि फुलीच्या खाली लाल ठिपका डुलत डुलत वर येऊन नीट बसला. शिवानंद मनात मोजत होता. तीन, चार, पाच. उन्हाच्या लाटांत रणगाडा पाण्यात उभा असल्यासारखा हलत होता. सातव्या सेकंदाला रणगाड्याच्या मागून एक बाई उठून उभी राहिली.

पिवळी ओढणी, काळा घागरा. तिच्या डाव्या हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत तार गुंडाळलेली होती आणि उजव्या हातानं ती आणखी गुंडाळत होती. आदल्या वर्षांच्या फायरिंगची तार त्या वाळूत मैलोन्‌मैल पडलेली असायची, आसपासच्या वस्त्यांवरची माणसं ती गोळा करून कुंपणाला, खाटेला वापरायची, हे सगळ्यांना माहीत होतं. बाई घाईत नव्हती. वर बघत नव्हती. घरच्या अंगणात उभी असावी तशी ती उभी होती.

शिवानंदनं ठरवलं असं काही झालं नाही. त्याच्या हातांनी दुर्बीण डावीकडे आणि खाली ओढली. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं फुली हलवली. लाल ठिपका आज्ञाधारकासारखा तिकडे वळला आणि रणगाड्याच्या बराच अलीकडे वाळूत शिरला. जमीन हादरली. धुळीची भिंत उभी राहिली, ती बसायला बराच वेळ लागला, आणि बसली तेव्हा तिथे फक्त रणगाडा होता.

रेंजवरची एक पार्टी जाऊन बघून आली. बाई नाही, रक्त नाही. पावलं असतील तर वाऱ्यानं पुसलेली. तार मात्र सगळीकडे होती, पण ती असतेच.

चौकशी झाली. रेंजवाले म्हणाले, आत कोणी येणं शक्य नाही. शिवानंद म्हणाला, मला बाई दिसली. मग रावजीला विचारलं. त्याच्या हातात दुर्बीण होती, त्याचं कामच बघण्याचं होतं. रावजी सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "साहेब, तिथं कोणी नव्हतं."

कोणी शिवानंदला खोटारडा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याला भांडता आलं असतं. त्यांनी त्याचे डोळे तपासले, ते चांगले निघाले. मग त्याला तीन आठवडे मिलिटरी हॉस्पिटलात ठेवून एका मऊ आवाजाच्या डॉक्टरनं रोज विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, झोप लागते ना. शेवटी कागदावर आलं की उष्णतेच्या लाटांमुळे भास, चालवणाऱ्याची चूक. शिवानंदला मिसाईलवरून काढून स्टोअरमध्ये घातलं. उरलेली वर्षं त्यानं बूट आणि ब्लँकेटं वाटली. हवालदाराची फीत रावजीला मिळाली.

पुढे शिवानंदच्या स्वप्नांत ती बाई यायची. स्वप्नात मिसाईल नसायचंच. फक्त तार असायची, त्याच्या डोळ्यापासून निघून वाळूवरून लांब गेलेली, आणि पलीकडे ती उभी राहून शांतपणे गुंडाळत असायची. जितकी ती गुंडाळायची तितका तो तिच्याकडे सरकायचा. भीती वाटायची नाही. आता तोंड दिसेल, आता दिसेल, असं वाटायचं, आणि जाग यायची. जागेपणी मात्र त्याला एकच प्रश्न पडायचा. बाई होती की नव्हती? एकानं होती म्हटलं होतं, एकानं नव्हती. जसजशी वर्षं गेली, तसतसा त्याला स्वतःपेक्षा रावजीचा शब्द जड वाटायला लागला. नीलम्माला त्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. बदली झाली, एवढंच सांगितलं होतं.

साडेदहाला ते बाबरांच्या बागेपाशी पोचले. फळांना ऊन लागू नये म्हणून डाळिंबाच्या झाडांवर जुन्या साड्या टाकलेल्या होत्या. ओळीनं शेकडो झाडं, निळी, गुलाबी, हिरवी, विटलेली, आणि वारा आला की सगळी बाग एकदम थोडीशी सरकल्यासारखी वाटायची. शिवानंदनं तिपाई रस्त्याच्या पलीकडे, तीनशे मीटरवर लावली. हद्दीचा दगड मालकानंच दाखवायचा असतो. चंद्रिका पुढे जाऊन मालकाशी बोलली, प्रिझमची काठी त्याच्याच हातात दिली, कशी सरळ धरायची ते दाखवलं आणि यंत्रापाशी परत आली.

शिवानंदनं डोळा लावला. फुलीत आधी काच आली, मग काचेमागचा माणूस. पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल, पोट सुटलेलं. उन्हाच्या लाटांत तो कमरेपासून खाली विरघळला होता. पण खांदा एका बाजूला उतरता ठेवून उभं राहायची ती पद्धत शिवानंदनं हजार परेडींत शेजारून पाहिली होती.

तो बघत राहिला. मनात आकडे आपोआप सुरू झाले होते. मागच्या साड्या हलत होत्या. सातवर आला तेव्हा दोन झाडांमधून एक पिवळी साडी सुटी झाली आणि चालायला लागली. रावजीच्या मागे येऊन ती उभी राहिली.

शिवानंदचे हात हलले. दुर्बीण झटक्यानं डावीकडे, खाली गेली, तिपाईचा एक पाय उचलला आणि यंत्र कलंडता कलंडता चंद्रिकानं धरलं.

"काका, काय करताय?"

शिवानंद खाली बसला होता. कपाळावर घाम होता. "ती बाई," तो म्हणाला. "ती बाई तिथं आहे का?"

चंद्रिकानं हाताची सावली करून पाहिलं. "आहे की. मालकाची बायको असेल. पाण्याची कळशी घेऊन आलीय." मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काका, ऊन लागलं तुम्हाला. सावलीला चला."

"तुम्हाला दिसली ना?"

"दिसली म्हणजे काय? उभीच आहे ती."

शिवानंदनं मान हलवली आणि तो कडेच्या बाभळीखाली जाऊन बसला. इतका साधा प्रश्न आणि त्याचं इतकं साधं उत्तर असतं, हे त्याला नवीनच वाटत होतं.

तोवर पलीकडून रावजी काठी खांद्यावर टाकून रस्ता ओलांडत येत होता. "काय ओ मॅडम, किती येळ हुबा करताय उनात? रीडिंग आलं का न्हाय?" असं म्हणत तो जवळ आला, बाभळीखाली बसलेल्या माणसाकडे त्यानं पाहिलं, आणि थांबला.

त्यानं काठी खांद्यावरून उतरवली.

"कलशेट्टी," रावजी म्हणाला.

"हं."

"लई पिकलास की रं."

"तू लई सुटलास."

रावजी हसला नाही. त्यानं काठी चंद्रिकाकडे दिली. "मॅडम, घराकडं चला. ताक घ्या. ह्याला जरा पडू द्या."

घर बागेच्या कडेलाच होतं, पत्र्याचं, पुढे शेवग्याची सावली. रावजीची बायको विजयमाला हीच मघाची पिवळी साडी. तिनं ताक दिलं, शिवानंदच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि चंद्रिकाला बाग दाखवायला घेऊन गेली. नवऱ्याचं तोंड पाहून तिनं ते आपणहून केलं असावं. दोघंच खाटेवर उरले.

"मला म्हाईत हुतं कवातरी येशील," रावजी म्हणाला. "मीच यायचं, पर पाय उचलला न्हाय. दोनदा सोलापूरला आलतो. वळसंगच्या एका पोराकडनं तुझा पत्ता बी घेतलाय. सात रस्त्याच्या चौकात उभा राहून परत आलो."

"कशाला यायचं होतं?"

रावजीनं ताकाचा पेला खाली ठेवला. "तुला ती बाई दिसलीती."

"दिसली असं वाटलं."

"त्या वक्ताला तू 'दिसली' म्हणालातास."

"अठरा वर्षं झाली बाबर. तुझ्या दुर्बिणीत नव्हती ती. तुझी दुर्बीण माझ्यापेक्षा मोठी होती."

रावजीनं खाटेची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली. मग सावकाश बोलायला लागला, आणि बोलताना त्यानं शिवानंदकडे पाहिलं नाही.

"आदल्या वर्षी दुसऱ्या कंपनीचं फायरिंग हुतं, आठवतंय का? तवा तू सुट्टीवर हुतास. मला तितं मदतीला धाडलं हुतं. त्या येळी मिसाईलची तार तुटली. तार तुटली की त्याला कुणाचं ऐकू येत न्हाय. ते वर चढलं, फिरलं आन आमच्या डोक्यावरनं मागं गेलं. मी आवाज ऐकला त्याचा. कुनाला काय झालं न्हाय. सगळी हसली मागनं. मी बी हसलो. पर त्या दिवसापास्नं माझ्या पोटात भ्या बसलं. कुनाला सांगनार? तुला बी सांगितलं न्हाय."

शिवानंदनं डोक्यावरचा ओला टॉवेल काढला.

"तुजं मिसाईल सुटलं तवा मी डोळं मिटलं हुतं," रावजी म्हणाला. "दुर्बीण डोळ्याला लावल्याली, पर डोळं गच्च मिटल्यालं. जमीन हादरल्यावर उघडलं. तितं नुसती धूळ. मी काय बी बघितलं न्हाय शिवा. बाई न्हाय, रणगाडा न्हाय, मिसाईल न्हाय."

"मग तू साहेबांना..."

"काय सांगू? नंबर दोननं डोळं मिटलं हुतं म्हणू? मला भित्रा म्हणून घरी धाडलं असतं. म्हणून मग म्हणालो, कोणी नव्हतं. एकदा म्हणालो ते म्हणालो. मग ते कागदावर गेलं. मग तुला दवाखान्यात घातलं, तवा वाटलं आता सांगावं. रोज वाटायचं. मग फीत मिळाली. मग तर तोंडच उरलं न्हाय."

शेवग्याची बारीक पानं खाटेवर पडत होती. शिवानंदला आत काहीतरी हलकं होत असल्यासारखं वाटलं, पाण्याखालून वर येताना अंगाला वाटतं तसं.  दोन माणसं होती, एकाला दिसली, एकाला नाही, असा हिशेब तो इतकी वर्षं धरून बसला होता. आता कळत होतं की बघणारा एकटाच होता.

मग राग आला. तो उशिरा आला आणि मोठा आला. स्टोअरमधली खोली, ब्लँकेटांचा वास, मऊ आवाजाचा डॉक्टर, नीलम्मापुढे गप्प बसलेली वर्षं.  तो उठला, अंगणाच्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"परत सांग," तो म्हणाला.

"काय?"

"शेवटचं. परत सांग."

"मी डोळं मिटलं हुतं. मी बघितलं न्हाय."

"आणखी एकदा."

रावजीनं आणखी एकदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यानं टॉवेल तोंडावर घेतला. शिवानंद उभाच होता. हा माणूस आपल्या शेजारी वाळूत पालथा पडून डोळे मिटून बारा सेकंद मरणाची वाट बघत होता आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, हे त्याच्या मनात आलं. राग गेला नाही. पण तो खाटेवर बसला.

"मी लिहून देतो," रावजी टॉवेलमधून म्हणाला. "रेकॉर्ड ऑफिसला धाडू. मला काय करायचं ते करू देत."

"कोण बघणार आहे आता? ती मिसाईलं पण गेली असतील मोडीत."

"मग काय करू सांग."

शिवानंदनं विचार केला. "मला लिहून दे," तो म्हणाला. "माझ्यासाठी."

चंद्रिका बागेतून परत आल्यावर तिच्या फिल्डबुकातलं एक पान मागून घेतलं. तिनं कशाला म्हणून विचारलं नाही, पेनही दिला. रावजीनं गुडघ्यावर वही ठेवून शाळेतल्यासारखं गोल अक्षर काढलं. लिहायला त्याला खूप वेळ लागला. विजयमाला दारात उभी होती. तिला हे माहीत होतं की नाही, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. पण रावजीनं सही केल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "भावजी, आता जेवूनच जावा."

"परत येईन वैनी," शिवानंद म्हणाला. "आज नको."

येईन का, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. निघताना रावजीनं हात पुढे केला. शिवानंदनं तो घेतला, थोडा वेळ धरला आणि सोडला. मग यंत्र पुन्हा उभं केलं, रावजी पुन्हा काठी धरून दगडावर उभा राहिला, आणि हद्दीची सगळी रीडिंगं एकापाठोपाठ एक नीट आली. शिवानंद बटण लगेच लगेच दाबत होता. चंद्रिकानं ते पाहिलं. परतीच्या वाटेवर तिनं जीप एका रसवंतीपाशी थांबवली आणि त्याला उसाचा रस पाजला.

चारच्या सुमारास तो घरी पोचला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळं सोलापूर दारं लावून पडलं होतं. नीलम्मा पंख्याखाली शेंगा फोडत बसली होती. त्याला बघून उठली. "ऊटा माडरी, आधी जेवा. तोंड बघा कसं झालंय."

"बस जरा," तो म्हणाला. "हे वाच."

नीलम्माची शाळा कानडीतली. मराठी ती बोलायची भराभर, पण वाचायची बोट ठेवून, अक्षर लावत. कागद गुडघ्यावर सपाट करून तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "मी, रावजी ज्ञानू बाबर, खरे लिहितो की त्या दिवशी मिसाईल सुटल्यावर मी डोळे मिटले होते. तिथे बाई होती का नव्हती हे मला माहीत नाही. मी चौकशीत खोटे बोललो. शिवानंद कलशेट्टी बघत होता."

तिनं शेवटचं वाक्य मनाशी पुन्हा एकदा वाचलं. मग वर पाहिलं. "कुठली बाई?"

शिवानंदनं सांगितलं. रेंज, रणगाडा, तार, हॉस्पिटल, स्टोअर, सगळं. सांगताना एकदाही तो 'वाटलं' म्हणाला नाही. रणगाड्याच्या मागून बाई उठली, असं म्हणाला. मी मिसाईल वळवलं, असं म्हणाला. पंखा फिरत होता, शेंगांची टरफलं वाऱ्यानं फरशीवर सरकत होती, आणि आपलाच आवाज त्याला कुठून तरी दुरून, पण स्पष्ट, येत असल्यासारखा ऐकू येत होता.

त्याचं सांगून झाल्यावर नीलम्मानं मांडीवरची टरफलं झटकली. इतकी वर्षं का सांगितलं नाही, हे ती विचारेल असं त्याला वाटत होतं. तिनं ते विचारलं नाही.

"केवढी होती ती?" तिनं विचारलं.

शिवानंद थबकला. हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, चौकशीतही नाही, डॉक्टरनंही नाही. त्यानं डोळे मिटून आठवलं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण उत्तर तयार होतं. "माझ्याएवढी असेल तेव्हाची. तिशीच्या आतबाहेर."

"म्हणजे आता सुना आल्या असतील तिला," नीलम्मा म्हणाली. "गुडघे धरले असतील. त्या वाळूत चालायचं म्हणजे."

"असतील."

"तिला ठाऊक असेल का ओ?"

"नसेल. तिनं वर बघितलंच नाही."

नीलम्मानं कागदाची नीट घडी घातली आणि देवघराच्या फडताळात, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. मग आत गेली, ताट वाढून आणलं. कडक भाकरी चुरून त्यावर दही घातलेलं होतं. शिवानंद जेवला, हात धुतला आणि तिथेच फरशीवर आडवा झाला. नीलम्मा पुन्हा शेंगा फोडायला बसली. तो कूस बदलत नव्हता, झोपेत काही पुटपुटत नव्हता. साडेपाचला दूधवाला आला तरी तिनं त्याला उठवलं नाही.